मिठीचं हार्मोन आणि म्हशीचं इंजेक्शन

कुठल्याही घरगुती व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मेसेज हमखास फिरत असतात. पहिला सकाळचा, गुलाबाच्या चित्रासह: जवळच्या माणसाला वीस सेकंद मिठी मारा, ऑक्सिटोसिन नावाचं प्रेमाचं हार्मोन वाढतं, ताण पळतो, संसार टिकतो. दुसरा रात्रीचा, लाल अक्षरांत: तबेल्यात म्हशींना ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचतात, ते दुधातून आपल्या पोटात जातं, मुली लवकर वयात येतात, आजच दूध बंद करा, पुढे पाठवा. पुष्कळदा दोन्ही मेसेज पाठवणारे काका एकच असतात. एकाच रेणूला सकाळी अमृत आणि रात्री विष ठरवताना त्यांना काही खटकत नाही. ग्रुपवरचे बाकीचेही दोन्हींखाली हात जोडून मोकळे होतात.

दोन्ही मेसेजांच्या मुळाशी समजूत एकच आहे. वागणं हे हार्मोनच्या थेंबात असतं. थेंब वाढला की माया वाढली, परका थेंब पोटात गेला की शरीर बिघडलं. ही समजूत ग्रुपपुरती राहिली असती तर हसून सोडून देता आली असती. पण ती आता पालकत्वाच्या कार्यशाळांत, कंपन्यांच्या एचआर खात्यात, प्रसूतिगृहात आणि थेट सरकारी अधिसूचनेत जाऊन बसली आहे. शिवाय ज्या संशोधनाचा हवाला देऊन ती तिथे पोचली, ते संशोधन नीट वाचलं तर नेमकं उलट सांगतं.

त्या संशोधनातलं सगळ्यात ठळक नाव लॅरी यंग. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात खेड्यात वाढलेले, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात सरड्यांवर पीएचडी केलेले यंग १९९० च्या दशकात अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मेंदूशास्त्रज्ञ थॉमस इन्सेल यांच्याकडे आले आणि पुढे तिथलेच झाले. मार्च २०२४ मध्ये जपानच्या दौऱ्यावर असताना ते अचानक गेले, वय ५६. त्यांचं जवळजवळ सगळं नाव एका मुठीत मावणाऱ्या प्राण्याशी जोडलेलं आहे: प्रेअरी व्होल. आखूड शेपटीचा, गोबऱ्या तोंडाचा, गवतात बिळं करून राहणारा उंदराचाच एक भाऊबंद.

या व्होलची गोष्ट यंग यांच्या आधी इलिनॉयच्या कुरणांत सुरू झाली. लोवेल गेट्झ हे प्राणिशास्त्रज्ञ सापळे लावून व्होलची मोजदाद करत होते. सापळ्यात पुन्हा पुन्हा तीच नर-मादीची जोडी सापडायची. सस्तन प्राण्यांमध्ये जोडीनं राहणारे थोडेच, शेकड्यात मोजायचे तर तीन ते पाच. गेट्झ आणि सू कार्टर यांनी हा प्राणी प्रयोगशाळेत आणला आणि एक साधी चाचणी बसवली. तीन कप्प्यांची पेटी. एका टोकाच्या कप्प्यात जोडीदार गळपट्ट्यानं बांधलेला, दुसऱ्या टोकाला तसाच बांधलेला अनोळखी व्होल, मधला कप्पा रिकामा. जिची परीक्षा घ्यायची ती मादी मोकळी सोडायची. तीन तास कॅमेरा चालू ठेवायचा आणि ती कुणाला अंगाला अंग लावून किती वेळ बसते ते मोजायचं. प्रेअरी व्होलची मादी थोडी इकडेतिकडे हिंडते, अनोळखी नराला हुंगून येते आणि मग बहुतेक वेळ आपल्या नराला बिलगून पडून राहते. डोंगराळ भागातला तिचा चुलतभाऊ, माँटेन व्होल, दिसायला जवळजवळ तसाच; पण तो कुणाजवळच बसत नाही.

याच पेटीत ऑक्सिटोसिनचा प्रयोग झाला. मादीच्या मेंदूत ते सोडलं तर समागम झालेला नसतानाही ती सोबतच्या नराला धरून राहू लागली. ऑक्सिटोसिन अडवणारं औषध दिलं तर समागम होऊनही जोडी जमेना. नरांच्या बाबतीत व्हॅसोप्रेसिन या सख्ख्या हार्मोनचा वाटा मोठा निघाला. दोन्ही हार्मोनं नऊ अमिनो आम्लांची, त्यातली सात सारखी. वर्तमानपत्रांना एवढं पुरलं. जोडी जमवणारं रसायन सापडलं, म्हणून छापून झालं.

इन्सेल आणि यंग यांना मात्र पुढचा प्रश्न पडला आणि माझ्या मते खरं विज्ञान तिथे सुरू होतं. ऑक्सिटोसिन तर माँटेन व्होलच्या मेंदूतही असतं. तेच, तितकंच नऊ मण्यांचं. मग तो एकलकोंडा का? उत्तर निघालं ते हार्मोनमध्ये नाही, ते कुठे पोचतं यात. पत्र सगळ्या गावाला येतं, वाचतो तो ज्याच्या दाराला पेटी आहे. हार्मोनची ही पेटी म्हणजे रिसेप्टर. प्रेअरी व्होलच्या मेंदूत ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर बक्षिसाची जाणीव देणाऱ्या भागांत दाट असतात. माँटेन व्होलमध्ये ते तिथे विरळ आणि दुसरीकडेच. १९९९ मध्ये यंग यांच्या गटानं प्रेअरी व्होलचा व्हॅसोप्रेसिन-रिसेप्टरचा जनुक साध्या उंदरात घातला. त्या उंदरांना व्हॅसोप्रेसिन दिल्यावर ते मादीशी जास्त सलगी करू लागले. २००४ मध्ये मेडो व्होल या बाहेरख्याली जातीच्या नरांच्या मेंदूतल्या एकाच जागी या रिसेप्टरची संख्या वाढवली, तर ते एका मादीला धरून राहू लागले.

हे काम भारीच आहे, त्यात वाद नाही. पण ते काय सांगतं? हार्मोन एकटं काहीच करत नाही. कोणत्या भागात त्याचं म्हणणं ऐकलं जातं, त्या क्षणी तिथे आणखी काय चालू आहे, समोर कोण आहे, त्याचा वास आधी ओळखीचा आहे का, यावर सगळं ठरतं. प्रेअरी व्होलसुद्धा सगळे सारखे नसतात. काही नर जोडी न करता भटकत राहतात. आणि ‘एकनिष्ठ’ म्हणून गाजलेल्या या प्राण्याच्या पिल्लांची तपासणी केली तर त्यातली काही दुसऱ्याच नराची निघतात. एका बिळात राहणं आणि पातिव्रत्य या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचं व्होलना पहिल्यापासून ठाऊक होतं, संशोधकांना नंतर कळलं, आणि व्याख्यानं झोडणाऱ्यांना अजून कळायचं आहे.

यंग यांच्या पदरातही थोडं माप टाकायला हवं. २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी प्रेमाच्या रसायनशास्त्रावर एक टिपण लिहिलं आणि माया वाढवणारी वा कमी करणारी औषधं फार दूर नसतील अशी शक्यता मांडली. प्रयोगशाळेत सर्किटं आणि रिसेप्टर यांची काटेकोर भाषा बोलणारा शास्त्रज्ञ लोकांपुढे आला की प्रेमाच्या गोळीचं बोलतो, मग बाकीच्यांना काय दोष द्यायचा? त्याच सुमारास स्वीडनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासातून व्हॅसोप्रेसिन-रिसेप्टरच्या जनुकाचा एक प्रकार आणि पुरुषांचा संसार यांत थोडासा संबंध दिसला होता. मथळे आले ‘घटस्फोटाचा जनुक’ म्हणून. संबंध इतका बारीक की त्यावरून कुठल्याही एका नवऱ्याबद्दल काही सांगता येत नाही. मथळ्यांना त्याचं काय.

माणसावरचे प्रयोग हा तर वेगळाच तमाशा. २००५ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी पुरुष विद्यार्थ्यांना नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा दिला आणि पैशांचा खेळ खेळायला बसवलं. अनोळखी भिडूवर विश्वास टाकून सगळे पैसे त्याच्या हाती द्यायचे की राखून ठेवायचे, असा तो खेळ. फवारा घेतलेल्या २९ पैकी १३ जणांनी सगळे पैसे दिले. नुसतं पाणी घेतलेल्या २९ पैकी ६ जणांनी. फरक सात माणसांचा. त्यावर पुढची पंधरा वर्षं एक अख्खी बाजारपेठ उभी राहिली. त्या प्रयोगातले एक सहलेखक पॉल झॅक यांनी या रेणूला नैतिकतेचा रेणू म्हटलं आणि २०११ च्या एका गाजलेल्या भाषणात लोकांना दिवसाला आठ मिठ्या लिहून दिल्या. आपल्या सकाळच्या मेसेजातल्या मिठ्या त्याच वंशातल्या. विश्वास वाढवणारा फवारा म्हणून इंटरनेटवर बाटल्या विकल्या गेल्या.

पुढे काय झालं ते मात्र फॉरवर्ड झालं नाही. २०२० मध्ये बेल्जियमच्या कॅरोलिन डेक्लर्क आणि सहकाऱ्यांनी, मूळ प्रयोगाच्या एका कर्त्यालाच सोबत घेऊन, तो प्रयोग कितीतरी जास्त माणसांवर पुन्हा केला. फवाऱ्यानं एकंदरीत विश्वास वाढला नाही. मधल्या काळात नाकातून दिलेल्या ऑक्सिटोसिनपैकी मेंदूत पोचतं ते अगदीच किंचित, हेही स्पष्ट होत गेलं. रक्तातलं ऑक्सिटोसिन मोजण्याच्या पद्धतींत इतकी तफावत की काही पद्धती दुसऱ्यांच्या शंभर पटींपर्यंत आकडा दाखवायच्या. नेदरलँड्समध्ये कार्स्टन डी ड्र्यू यांच्या प्रयोगांत तर फवारा घेतलेली माणसं आपल्या गटाला झुकतं माप देताना दिसली, म्हणजे माया वाढली तरी आपल्यांपुरतीच. यातलं किती टिकेल तेही पाहायचं आहे. फवाऱ्याच्या एका निकालावर शंका घ्यायची आणि आपल्याला आवडतो म्हणून दुसरा डोक्यावर घ्यायचा, हे मला जमणार नाही.

सगळ्यात जास्त आशा ऑटिझमच्या बाबतीत होती. थकलेल्या आईवडिलांना कुणी सांगितलं की मुलानं नजरेला नजर द्यावी यासाठी एक फवारा आहे, तर ते काय करतील? २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याचा निकाल आला. ३ ते १७ वयाची २९० मुलं, २४ आठवडे रोज फवारा. प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली फवाऱ्यापेक्षा, फरक नाही. यंग यांचा सूर या आधीपासून वेगळा होता. ऑक्सिटोसिन समोरच्या चेहऱ्याकडे, आवाजाकडे लक्ष वेधतं. त्या वेळी समोर शिकवणारं, खेळवणारं कुणी नसेल तर नुसत्या फवाऱ्यानं काय साधणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून औषध द्यायचंच तर ते वर्तनोपचाराच्या जोडीनं, अशी मांडणी ते करत.

आणि २०२३ मध्ये तर गाभाच हलला. सॅन फ्रान्सिस्कोचे देवानंद मनोली आणि स्टॅनफर्डचे निराव शहा यांच्या गटांनी जनुक-कात्री वापरून असे प्रेअरी व्होल जन्माला घातले ज्यांच्यात ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर कामच करत नाही. तीच तीन कप्प्यांची पेटी. हे व्होल जोडीदाराला बिलगून बसले. माद्या व्याल्या आणि त्यांनी पिल्लांना दूधही पाजलं, जरी त्यांची कमी पिल्लं अंगावरून सुटेपर्यंत जगली. २०२५ मध्ये बर्कलेच्या अभ्यासात दिसलं की असे व्होल मैत्री रुजवायला जास्त वेळ घेतात आणि आपल्या-परक्यात कमी निवड करतात. म्हणजे ऑक्सिटोसिन निरुपयोगी आहे असं नाही. अनेक दोऱ्यांतला तो एक दोरा आहे, आणि तो नसेल तर मेंदू दुसऱ्या दोऱ्यांनी विणतो. इतकी वर्षं औषधानं अडवून मिळालेला निष्कर्ष आणि जन्मापासून रिसेप्टर नसताना मिळालेला निष्कर्ष वेगळे का, यावर आता काम चालू आहे. ज्या क्षेत्रात मूळ प्रश्नच असा उघडा आहे, त्याच्या नावानं कुणी आपल्याला शनिवारी सकाळी दोन तासांची कार्यशाळा विकत असेल तर पाकीट खिशातच ठेवावं.

आता तबेल्यात येऊ, कारण या रेणूशी आपला खरा, रोजचा संबंध तिथे आहे. धार काढणाऱ्याला ऑक्सिटोसिनचं नाव नसलं तरी काम पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. म्हैस रेडकाला पाहते, रेडकू सडांना तोंड लावतं, ढुशा देतं, आणि मिनिटभरात ती पान्हा सोडते. या मिनिटात कासेतला संदेश मेंदूत जातो, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि दूध सडांत येतं. म्हशीत आधीच खाली उतरून राहिलेलं दूध अगदी थोडं असतं, त्यामुळे पान्हा नाही तर धार नाही. अनोळखी माणूस बसला, आंबोण वेळेवर आलं नाही, शेजारी आरडाओरडा झाला, तर ती पान्हा चोरते. शहरातल्या तबेल्यात रेडकाला दूध पाजणं परवडत नाही आणि रेडकू फारसं जगत नाही. पूर्वी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभं करत. ती चाटायची आणि पान्हा सोडायची. पुढे कातडं आणि पेंढ्याची जागा दोन रुपयांच्या इंजेक्शननं घेतली.

हा प्रकार क्रूर आहे. दिवसातून दोनदा सुई, प्रत्येक वेळी गर्भाशयाच्या कळा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमात दूध वाढवण्यासाठी अपायकारक इंजेक्शन देण्याला आधीपासूनच बंदी आहे. पण लोकांचा राग म्हशीसाठी नव्हता, आपल्या दुधाच्या पेल्यासाठी होता. आणि तिथे शास्त्र साथ देत नाही. ऑक्सिटोसिन हे प्रथिनाच्या तुकड्यासारखं. रक्तात ते काही मिनिटांत विरतं आणि पोटात गेलंच तर डाळीच्या वरणासारखं पचतं. ते लैंगिक हार्मोन नाही, त्यानं मुली वयात येण्याची यंत्रणा सुरू होत नाही. मुली लवकर वयात येण्याचा प्रश्न खरा आहे, वजनाचा त्याच्याशी संबंध दिसतो, पण वजनाबद्दल बोललं तर घरातली फराळाची बरणी आणि शाळेतलं मैदान दोन्हींकडे बोट जातं. म्हशीकडे बोट दाखवणं सोपं.

या रागाचं पुढे धोरण झालं. २७ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनं केंद्रानं देशांतर्गत वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवायला खासगी कंपन्यांना बंदी केली आणि सगळं उत्पादन कर्नाटक अँटिबायोटिक्स या एकट्या सरकारी कंपनीकडे दिलं. आयात त्याच महिन्यात बंद झाली होती. हेतू म्हशी वाचवण्याचा. पण ऑक्सिटोसिन हे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारं पहिलं औषध आहे. बाळ बाहेर आलं की लगेच दहा युनिट. गर्भाशय आवळतं, रक्त थांबतं. बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांत रक्तस्रावानं जाणाऱ्या सगळ्यात जास्त. आधीच हे इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावं लागतं, ग्रामीण रुग्णालयातल्या फ्रिजची आणि विजेची कथा वेगळी सांगायला नको. अशा औषधाचा सगळा देशाचा पुरवठा एका कारखान्यावर टांगायचा आणि तो का, तर त्याच रेणूचा चोरटा माल तबेल्यात सापडतो म्हणून!

ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क ही औषधांच्या प्रश्नांवर काम करणारी संघटना आणि काही औषध कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. अंमलबजावणीची तारीख पुढे पुढे जात राहिली आणि १४ डिसेंबर २०१८ ला न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली. निर्णयाला शास्त्रीय आधार नाही आणि बाळंतिणींवर काय परिणाम होईल याचा विचारच झालेला नाही, असा ठपका ठेवला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा वाद मोठ्या पीठाकडे सोपवला. चोरट्या कारखान्यांवर धाडी घालणं अन्न व औषध प्रशासनाच्या माणसांचं काम होतं. त्यांना माणसं आणि गाड्या द्यायच्या सोडून आपण रेणूलाच आरोपी केलं.

बाळंतपणाच्या खोलीतही हीच सवय दिसते. कळा मंद आहेत म्हणून सलाइनमधून ऑक्सिटोसिन चढवतात, आणि गरज असेल तेव्हा ते योग्यच. पण जी बाई पहिल्यांदा बाळंत होते आहे, जिला टेबलावर एकटं झोपवलं आहे, जिची आई किंवा जाऊ दाराबाहेर पिशव्या घेऊन बसली आहे आणि आत कुणीतरी ‘ओरडू नको’ म्हणून दटावतं आहे, तिच्या शरीरातल्या ऑक्सिटोसिनचं काय होत असेल यावर कार्यशाळा कुणी घेत नाही. सोबतीला एक माणूस असू द्यावं यासाठी हार्मोन मोजायचीही गरज नाही. सतत सोबत असलेल्या बाळंतिणींवरच्या २६ चाचण्यांचा, पंधरा हजारांहून जास्त बायकांचा आढावा २०१७ मध्ये वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं प्रसिद्ध केला: कळांचा काळ कमी, सिझेरियन कमी, अनुभव चांगला. सरळ माणसांवर, सरळ परिणाम मोजलेला पुरावा. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं त्याच्याही आधी, २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत अशी सोबत असू द्यायला सांगितलं. तरी अनेक लेबर रूमच्या दारावर ‘नातेवाइकांना प्रवेश नाही’ ही पाटी आहेच. पडदे नाहीत, खाटा जवळजवळ, एका बाईची जाऊ आत आली की दुसरीची लाज जाते, हे सिस्टरचं म्हणणं खोटं नाही. म्हणजे पडदे लावायला हवेत. गोष्ट पडद्यांवर आणि जागेवर येऊन थांबते, ग्रंथीवर नाही.

‘मिठी मारायला सांगितलं तर बिघडलं कुठे?’ असं कुणी विचारेल. मिठी जरूर मारा. मिठी चांगलीच आहे आणि चांगली असायला तिला रसायनशाळेच्या दाखल्याची गरज नाही. बिघडतं ते दाखला मागायची सवय लागते तिथे. गर्भसंस्काराच्या आणि पालकत्वाच्या वर्गांत हल्ली सर्रास सांगतात की नैसर्गिक प्रसूतीत ऑक्सिटोसिनचा लोंढा येतो, त्यातूनच आई-बाळाचं नातं जुळतं. मग जिचं सिझेरियन झालं, जिला दूध आलं नाही, जिनं मूल दत्तक घेतलं, तिनं काय समजायचं? बाळंतपणानंतरच्या हळव्या आठवड्यांत, टाके दुखत असताना, अशा बाईच्या मनात ‘माझं नातं कच्चं राहिलं’ ही शंका पेरणं म्हणजे निव्वळ दुष्टपणा आहे, जरी तो सुंदर स्लाइडवर केलेला असला तरी. जिच्यात ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच चालत नाही ती व्होलसुद्धा पिल्लांना जवळ घेते, एवढं तरी त्या स्लाइडवर लिहा.

पुरोगामी मंडळीही याच वाटेनं जातात, ही मला जास्त टोचणारी गोष्ट. बाळाला अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या बापाचंही ऑक्सिटोसिन वाढतं, प्रेअरी व्होलचा नरसुद्धा पिल्लांवर बसून ऊब देतो, म्हणून बापांना रजा द्या, असं मांडतात. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापांसाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही, आणि तो हवाच. पण त्याचा आधार हार्मोन करू नका. झुरिकच्या प्रयोगाचं झालं तसं उद्या या अभ्यासांचं झालं तर? बापाची रजा परत घ्यायची? रजा हवी कारण बाळंतीण एकटी पडते, बाळ रात्रभर जागतं, आणि मूल दोघांचं असतं. ही कारणं कुठल्याही जर्नलमध्ये पुन्हा तपासावी लागत नाहीत. शिवाय हार्मोनचा आधार घेतला की तो आपल्याविरुद्धही वापरला जातो. बाईला निसर्गानंच मायेचं रसायन दिलंय, मग मूल तिनंच सांभाळावं, हे वाक्य म्हणणाऱ्यानंही त्याच शोधनिबंधांचं नाव घेतलेलं असतं. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीत पोटच्या मुलासाठी २६ आठवडे ठेवले आणि दत्तक मुलासाठी १२, तेही मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. आई रक्तातून होते, हीच समजूत त्या आकड्यांत बसलेली आहे.

आणि हे २६ आठवडे तरी कुणाला? बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात. नवरा-बायको मिळून एक. हंगामाआधी उचल घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. फडात बाळंत झालेली बाई थोड्याच दिवसांत मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढवू लागते, कारण खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळीचे आणि गर्भाशयाचे त्रास, त्यात बुडणारी मजुरी, आणि त्यापायी काढून टाकलेली गर्भाशयं हा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली. या जोडप्याइतकं एकमेकांना धरून राहणारं कोण असेल? सबंध हंगाम एका पालात, एका कोयत्यावर. बाळ उसाच्या पाचटावर धडप्यात निजलेलं असतं, दूध पाजायला आई फडातून धावत येते आणि धावत परत जाते. तिला मिठीचं महत्त्व सांगायला कुणी येत नाही, आणि तिला ते नकोच आहे. तिला हवी ती पगारी सुट्टी. पण तिचा मालक कोण, हेच कागदावर ठरलेलं नाही. कारखाना म्हणतो ती मुकादमाची माणसं, मुकादम म्हणतो मी फक्त टोळी आणून दिली. ही जबाबदारी कायद्यानं साखर कारखान्याच्या नावावर लिहायची की नाही, यावर ज्यांनी बोलायला हवं ते सध्या ऑक्सिटोसिनवर बोलतात.